बटाट्याच्या जागी केळं



ऑफिसच्या मंडळींबरोबर हॉटेलात गेलं की वेटरला "जैन" एवढं सांगितलं तरी भागतं. सासूबाईंना प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते विचारत बसावं लागे, आणि सोबतचे कंटाळत.

त्यातल्या त्यात आधार उडुपी हॉटेलांचा. माटुंग्याला रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ सालचं. उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतला स्वयंपाक कांदा-लसणाविना. पण सांबारात मुळा-गाजर आहे का, हे विचारायलाच हवं.

पावभाजी मात्र मुंबईच्या गिरणी कामगारांची, बटाट्यावर उभी. गंमत बघा, ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगिजांचा. दक्षिण अमेरिकेतला हा कंद त्यांच्यामार्फत आपल्याकडे आला. कंदमुळं वर्ज्य करण्याचा आपला नियम त्याच्या कितीतरी आधीचा! पुढे मुंबईतल्या हॉटेलवाल्यांनी बटाट्याच्या जागी कच्चं केळं घातलं, कांदा-लसूण वगळला. गिऱ्हाईक मागत राहिलं, म्हणूनच ना?

चौविहाराची सोय मात्र मेनूकार्डात नाही. ऑफिसची पार्टी रात्री साडेआठची. मी नुसती बसून असायचे, पाणीसुद्धा नाही. मागच्या महिन्यात पार्टी संध्याकाळी पाचला ठेवली. कारण कुणी बोललं नाही. सूर्यास्ताआधी माझ्या दोन प्लेट जैन पावभाजी झाल्या होत्या.