धान्य, जमीन आणि देऊळ : धमतरीच्या मेनोनाइटांची कथा

खानदेशातल्या या व्यासपीठावर छत्तीसगडातील एका चर्चची हकिकत कशाला, असे कुणी विचारील. उत्तर दुष्काळात आहे. १८९९-१९०० च्या ज्या दुष्काळाने आमचा तापीकाठ होरपळला, त्यानेच धमतरीचा मुलूखही उजाड केला. भुसावळहून नागपूरमार्गे रायपूरला उतरून पुढे जावे, ते हे गाव. त्यावेळी त्याचाही कारभार नागपूरहूनच चाले.

मेनोनाइट हा ख्रिस्ती लोकांतील जुना पंथ. मेनो सायमन्स हा डच धर्मगुरू १५३६ साली रोमन चर्च सोडून या मंडळींत आला. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यायचा, ही त्यांची शिस्त. तिच्यापायी त्यांनी छळ सोसला, देश सोडले. त्यांतले पुष्कळ अमेरिकेत शेतकरी झाले. १८९७ साली जॉर्ज लॅम्बर्ट त्यांची मदत घेऊन हिंदुस्थानात आला. १८९९ साली जे. ए. रेसलर आणि डॉ. पेज पतिपत्नी धमतरीला आले. पाठोपाठ दुष्काळ. अन्नवाटप सुरू झाले, अनाथ मुले गोळा झाली. तीच मुले पुढे या चर्चची पहिली मंडळी.

मुले मोठी झाली, तेव्हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आला. १९०६ साली, म्हणजे खानदेशाचे दोन जिल्हे झाले त्याच वर्षी, मिशनने बालोदगहन हे गाव विकत घेतले. मिशन मालगुजार झाले. मालगुजार म्हणजे कुळांकडून खंड घेऊन सरकारात सारा भरणारा धनी.

त्यांनी जुलूम केला, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. अन्नदाता, उपदेशक आणि धनी एकच झाला, तर कुळाने तोंड उघडावे कसे? आमच्या जिनमधल्या एका हमालाच्या मुलाचे औषधपाणी मालकाने केले होते. पगारवाढीच्या अर्जावर सही करायची वेळ आली, तेव्हा तो माणूस मान खाली घालून निघून गेला. त्याला भित्रा म्हणण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. उपकाराचे ओझे असेच असते.

पण धमतरीची कथा तेथे थांबली नाही. १९१२ साली तेथील मंडळ्यांची परिषद उभी राहिली. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी गेली. १९५२ साली मिशन स्थानिक चर्चमध्ये विलीन झाले. ज्यांच्या वाडवडिलांनी ओंजळ पसरली होती, त्यांच्या हाती कारभाराची वही आली.

भुकेल्याला धान्य देणे हे पुण्य खरेच. दूरदेशीच्या त्या शेतकऱ्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु घेणाऱ्याच्या हाती हिशेबाची वही येईपर्यंत ते दान अपुरेच राहते. चर्च असो, गिरणी असो वा आमची युनियन असो, हे माप सर्वांना सारखेच लागू आहे.