पीसीबी बनवल्यावर उरलेल्या पाण्यातलं तांबं जातं कुठे?

डिप्लोमाला असताना मी घरी पहिला पीसीबी बनवला. तांब्याचा थर असलेला बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवला, नको असलेलं तांबं विरघळलं आणि सर्किट तयार! उरलेलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं. वाटलं, संपला विषय. पण तांबं संपलं नव्हतं.

खरकटं कुजतं, कारण जिवाणू ते खातात. तांबं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जाळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे मार्ग दोनच: धातू परत मिळवा, नाहीतर विरघळणार नाही अशा रूपात बांधून ठेवा.

कारखान्यात काय करतात?

१. द्रावण ताजं करणं: बऱ्याच ठिकाणी क्युप्रिक क्लोराइड वापरतात. तांबं विरघळवताना त्याचं क्युप्रस क्लोराइड होतं आणि काम मंदावतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की ते पुन्हा कामाला येतं.

२. तांबं परत मिळवणं: द्रावण वाढत जातं. जास्तीच्या द्रावणात लोखंडाचा भंगार टाकला की लोखंड विरघळतं आणि तांबं खाली बसतं. हिशेबाने ५६ ग्रॅम लोखंडामागे ६३.५ ग्रॅम तांबं. प्रत्यक्षात लोखंड जास्त लागतं, कारण थोडं आम्लातच खर्च होतं.

३. धुण्याचं पाणी: यात तांबं कमी असतं. चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पीएच ८ ते ९ केला की तांब्याचा हायड्रॉक्साइड गाळ होतो. पण पाण्यात अमोनिया असेल तर तो तांब्याला धरून ठेवतो आणि गाळ नीट बसत नाही. मग सल्फाइडसारखं रसायन लागतं.

गाळाचं काय?

तांबं पुरेसं असेल तर अधिकृत रिसायकलरकडे, नाहीतर तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणच्या सुरक्षित लँडफिलमध्ये. भारतात यासाठी २०१६ चे घातक कचरा नियम लागू आहेत.

घरी पीसीबी बनवत असाल तर?

विरघळलेलं तांबं थोडं असलं तरी मासे आणि शेवाळाला विषारी ठरतं. आम्लधर्मी द्रावण धातूचे पाइपही खातं. म्हणून द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत, नाव लिहून ठेवा आणि परत वापरा. पेरॉक्साइड मिसळलेलं असेल तर झाकण घट्ट लावू नका, गॅसने बाटली फुटू शकते. द्रावण निकामी झालं की कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, त्यांच्या रासायनिक कचऱ्यात ते घेतात का. बेसिन हा पर्याय नाही.