सोफा बसतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमचा सोफा बसला. 'बसला' हा धंद्यातला शब्द. सोफ्यावर माणूस बसतो आणि काही काळाने माणसाखाली सोफा बसतो. घेऊन चौदा महिने झाले होते, चार हप्ते अजून फेडायचे होते. मधल्या सीटला एवढा खळगा पडला की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला तिथून उठताना कुणीतरी हात द्यावा लागायला लागला. मग ती सोफा सोडून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू लागली. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "मॅडम, वॉरंटी फ्रेमची आहे. फोम तर बसणारच."

बसणारच असेल, तर किती दिवसांनी? सोफा किती वर्षं नीट राहायला हवा, हे मी घेताना विचारलंच नव्हतं. रंग विचारला, कापड धुता येतं का विचारलं, जिन्यातून वर जाईल का तेही विचारलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे गादी किती वर्षं टिकेल असं कोण विचारायचं? पिंजारी यायचा ना."

माझ्या प्रश्नाचा इतिहास तिच्या या वाक्यात होता, पण तो कळायला मला बरीच शोधाशोध करावी लागली.

आपल्याकडे मानाची बसायची जागा म्हणजे गादी. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी. आपण बोलत असतो सत्तेबद्दल, पण शब्द कापूस भरलेल्या वस्तूचाच आहे. सराफाच्या पेढीवरही गादी, लोड आणि तक्के. सोफा हा शब्द अरबी 'सुफ्फा'वरून आलेला, म्हणजे बसायचा ओटा. दिवाण फारसी. आधी नोंदवही, मग कचेरी, मग दरबार, मग त्या दरबारातली भिंतीलगतची गुबगुबीत बैठक. मराठीने यातलं फारसं काही टाकून दिलं नाही. दिवाणी कोर्टही आपल्याकडे आहे, दिवाणखानाही आहे आणि ज्याच्या पोटात जादा पांघरुणं कोंबतात तो दिवाणही आहे.

कापसाची गादी मऊ लागते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वजनाने आणि दमटपणाने तंतू एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, गादी बसते. उन्हात टाकली की ओल निघून जाते आणि ती थोडी फुगते. तेवढ्याने भागेनासं झालं की पिंजारी. खांद्यावर भलं मोठं धनुष्यासारखं पिंजण, त्याला जनावराच्या आतड्याची ताणलेली तात. लाकडी दांड्याने तात छेडली की टणत्कार होतो आणि कापूस हवेत उडतो. आई सांगते, त्या दिवशी अंगणभर कापूस असायचा आणि मुलं शिंकून बेजार व्हायची. मग थोडा नवा कापूस घालून, खोळ बदलून, दाभणाने टाके घालून गादी परत तयार. आजीच्या लग्नातली गादी आईच्या लग्नापर्यंत चालली. तिच्यात पहिला कापूस किती उरला होता, देव जाणे.

युरोपातला जुना सोफाही वेगळा नव्हता. अठराव्या शतकात चांगल्या सोफ्यात घोड्याचे केस भरत. पीळ देऊन, उकळून ते कुरळे करत, म्हणजे दाबले तरी परत उसळी घेतात. खाली आपल्या नवारीसारखे विणलेले पट्टे. 1822 मध्ये व्हिएन्नात गेओर्ग युनिगलने बैठकीत लोखंडी स्प्रिंगा वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मग एकेक स्प्रिंग सुतळीने हाताने बांधण्याचं कसब वाढलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या सोफ्यांवर खोल खोल बटणं दिसतात ना, ती नुसती शोभेची नव्हती. आतला भराव एका कोपऱ्यात सरकू नये म्हणून ती घट्ट ओढून बांधलेली असत. असा सोफा ढिला पडला की कारागीर तो उसवायचा, केस धुऊन, पिंजून पुन्हा भरायचा, पट्टे ताणायचा. व्हिएन्नातही पिंजारी होतेच म्हणायचे, नाव वेगळं.

आपल्या हवेत भरलेल्या बैठकांना घाम, बुरशी आणि किडे पुरून उरतात. म्हणून गोव्यातल्या जुन्या घरांत आणि मुंबईच्या शिसवी फर्निचरमध्ये वेताच्या विणीची आसनं इतकी दिसतात. वेत सैल पडला की विणणारा बोलवायचा.

हा सगळा रिवाज मोडला तो फेसाने. 1929 मध्ये डनलॉप कंपनीत रबराचा चीक फेटून त्याचा फेस घट्ट करायची रीत सापडली. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायरच्या चमूने पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं आणि 1950 च्या दशकात त्यातून मऊ फोम कारखान्यात निघू लागला. दोन रसायनं आणि थोडं पाणी एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं. ढोकळ्यासारखीच त्याची लादी कापतात. स्वस्त, हलका, हव्या त्या मापाचा. घोड्याचे केस भरायला आठवडा लागायचा, फोम खोळीत घालायला पाच मिनिटं.

फक्त तो पिंजता येत नाही. फोम म्हणजे असंख्य बारीक कप्प्यांची जाळी. रोजच्या दाबाने त्या कप्प्यांच्या काड्या वाकतात, तुटतात. दमट गरम हवेत हे आणखी लवकर होतं. ऊन दाखवून उपयोग नाही, उलट उन्हाने तो पिवळा पडतो आणि भुगा होतो. म्हणजे गादीचं आयुष्य पिंजारी वाढवत राहायचा, पण फोमचं आयुष्य बरंचसं कारखान्यातच ठरून येतं.

ते ठरवणारा मोठा आकडा म्हणजे घनता, बाजारात 'डेन्सिटी'. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. 32 डेन्सिटी म्हणजे 32 किलो. आणि इथेच मी फसले. दुकानात आपण सीट हाताने दाबून बघतो. हाताला कळतो तो कडकपणा, आणि कडकपणा म्हणजे घनता नव्हे. हलका फोमही कडक करता येतो. तो दुकानात छान लागतो आणि घरी वर्षाच्या आत बसतो. उलट वजनदार फोम मऊ असूनही वर्षानुवर्षं टिकू शकतो.

फोम किती दमतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे. सुमारे 75 किलोचा भार मिनिटाला साधारण 70 वेळा, असा एकूण 80,000 वेळा फोमवर आदळतात आणि मग जाडी किती घटली, कडकपणा किती गेला ते बघतात. यंत्राचं काम एकोणीस-वीस तासांत उरकतं. घरात एका सीटवर दिवसाला 20 वेळा बसणं झालं, तर तेवढ्याच बैठकांना 4,000 दिवस लागतील, म्हणजे जवळपास अकरा वर्षं. अर्थात यंत्र पावसाळ्यात भिजून येत नाही आणि लोळत तीन तास सिरीज बघत नाही. तरी माझं मत झालं आहे की रोजच्या वापरातल्या सोफ्याच्या सीटने सात-आठ वर्षं तरी उभं राहायला हवं, आणि फ्रेमने त्याच्या दुप्पट. पहिल्या काही महिन्यांत फोम जरासा सैलावतो, ते मान्य. चौदा महिन्यांत खळगा, हे मान्य नाही.

हे वाचल्यावर मी मधल्या सीटची चेन उघडली, फोम बाहेर काढला आणि वजनकाट्यावर ठेवला. 60 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, साडेबारा सेंटिमीटर जाड. वजन 990 ग्रॅम. गणित केलं, डेन्सिटी आली 22. बिलावर लिहिलं होतं, 'हाय डेन्सिटी फोम'. आकडा नव्हताच. मी मागितला नव्हता, त्यांनी दिला नव्हता.

मग गल्लीतल्या सोफावाल्या काकांना बोलावलं. त्यांचे वडील गादी कारखान्यात पिंजायचे. काकांनी सीट उचलून हातात तोलली आणि काट्याशिवायच म्हणाले, "वीस-बावीसचा आहे." 40 डेन्सिटीचा नवा फोम आणला तेव्हा मी तोही काट्यावर ठेवला. 1 किलो 800 ग्रॅम. काका हसले, पण थांबले.

जुना फोम त्यांनी दोरीने बांधून स्कूटरला लावला. त्याचं काय होतं, विचारलं. म्हणाले, त्याचा चुरा करतात, चिकटवणी घालून दाबतात आणि त्याच्या कडक लाद्या होतात, स्वस्त गाद्यांच्या खाली घालायला. आई आता परत सोफ्यावर बसते. मधल्या सीटवर नाही, कडेच्या, हाताला आधार आहे तिथे. त्या सीटचा फोम अजून जुनाच आहे. काका पुढच्या रविवारी येणार आहेत.