दोन बहिणाबाई

आपल्या जुन्या वाङ्मयात स्त्रीविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. पण त्यातले बहुतेक पुरुषांचे. पतिव्रता कशी असावी, सुनेने कसे वागावे, हे त्यांनीच सांगितले. त्या चाकोरीत स्त्रीची स्वतःची सत्ता ती किती होती, हे पाहावयाचे तर स्त्रीचेच शब्द ऐकले पाहिजेत. त्यासाठी आपणां सिल्लोडकरांना फार लांब जावयास नको. एकीकडे शेजारच्या कन्नड तालुक्यातले देवगाव रंगारी, दुसरीकडे अजिंठ्याचा घाट उतरून गेले की जळगावजवळचे असोदे. दोन्ही गावांनी एकेक बहिणाबाई दिली.

देवगावची संत बहिणाबाई १६२८ सालची. अगदी लहानपणी तिचे लग्न वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी झाले. पुढे कुटुंब कोल्हापुरास गेले. तेथे कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि तिने मनोमन त्यांना गुरू मानले. पती वेदपाठी ब्राह्मण. बायकोने शूद्र समजल्या जाणाऱ्या संताला गुरू करावे हे त्यांना सोसवेना. तिला मार बसला. ती गरोदर असताना तिला टाकून जाण्याचेही त्यांनी ठरविले. हे कोणी चरित्रकार सांगत नाही, ती स्वतःच अभंगांतून सांगते. स्त्रीदेहाला वेदांचा अधिकार नाही, ही खंतही ती बोलून दाखविते.

तथापि तिने घर मोडले नाही. पती आजारी पडले तेव्हा शुश्रूषा तिनेच केली, पतिव्रताधर्मावर अभंगही रचले. मात्र गुरू बदलला नाही. अखेर पतीचेच मन पालटले आणि दोघे देहूस गेली. मार खाऊनही मन कोणाच्या स्वाधीन केले नाही, हीच तिची सत्ता. १७०० साली तिने देह ठेवला. तत्पूर्वी आपल्या पूर्वजन्मांची कथा तिने मुलाला सांगितली. तिची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊर येथे आहे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. संसार, माहेर, पेरणी, माणसाचे मन, असा एकही विषय त्यांना परका नव्हता. ती गाणी मुलगा सोपानदेव व घरच्या मंडळींनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली छापली गेली. तेव्हा त्या हयात नव्हत्या.

दोघींत अडीचशे वर्षांचे अंतर, जात वेगळी, बोली वेगळी. पण ऐकून ठेवणारे कोणी होते म्हणून त्या आपल्याला कळल्या. ज्यांचे कोणी टिपून ठेवले नाही अशा किती जणी जात्यापाशीच राहिल्या असतील! हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या याच जाणिवेने.

आता घरोघरी पीठ गिरणीवरून येते आणि ओवी येणाऱ्या म्हाताऱ्या थोड्याच उरल्या आहेत. म्हणून या वर्धापनदिनी एक विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या सासूबाईंजवळ किंवा आजीजवळ वही घेऊन बसावे, त्या म्हणतील ते त्यांच्याच बोलीत उतरावे आणि खाली त्यांचे नाव लिहावे.