ऋतुमान, बांध आणि खारेपाटाची भातशेती

आपल्या आगरी ज्ञातीचे नाव ‘आगर’ या शब्दापासून आले, असे सामान्यतः मानण्यात येते. आगर मिठाचे असो वा भाताचे, दोन्ही आपल्या पूर्वजांनी समुद्राच्या तोंडून काढून घेतलेल्या जमिनीवर उभे राहिले. परंतु या दोन आगरांचे ऋतुमान एकमेकांच्या अगदी उलट आहे. मिठागरास माघापासून वैशाखापर्यंत कोरडे ऊन पाहिजे. त्यात अवकाळी पावसाची एक जोराची सर आली, की जमलेले मीठ पुन्हा पाणी होते. भातास मृगापासून हस्तापर्यंत पाऊस पाहिजे. त्यात पंधरा दिवसांची उघडीप पडली, की खाचरातील मीठ वर येऊन रोप जळते. एकाच घराची एक वाट उन्हाकडे व दुसरी पावसाकडे, अशा स्थितीत आपल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या संसार केला. ऋतुमानाने आपल्या शेतीस व जनावरांस कसे तारले आणि कसे मारले, याचा थोडा इतिहास या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यातून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी यावी अशी आमची इच्छा आहे. ती ही, की पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण त्याने कोणाची कणगी भरावी आणि कोणाची रिकामी राहावी हे पुष्कळदा आभाळाने ठरविलेले नसून बांधाने व जमिनीवरील हक्काने ठरविलेले आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. पेण, अलिबाग, उरण आणि पनवेल या तालुक्यांत खाड्यांच्या दोहों बाजूंस जो सखल मुलूख पसरला आहे, त्यास खारेपाट म्हणतात. अंबा व पाताळगंगा या नद्या धरमतरच्या खाडीस मिळतात. सह्याद्रीवर पडलेला पाऊस या नद्यांनी खाली येतो. किनाऱ्यावर अलिबागेस वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माथेरानच्या डोंगरावर तो पाच हजारांच्या आसपास जातो. म्हणजे खारेपाटास स्वतःच्या आभाळाचे पाणी, डोंगराचे पाणी आणि खाडीचे खारे पाणी असे तिहेरी पाणी सांभाळावे लागते. हे काम दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे मातीचा बाहेरचा बांध आणि दुसरी म्हणजे त्या बांधातील उघाडी. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले, की उघाडीचे दार आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या जोराने ते उघडते व शेतातील पाणी खाडीत जाते. रचना साधी, परंतु तिच्यावर शेकडो एकर भात अवलंबून असते.

खाऱ्या जमिनीची शेती गोड्या जमिनीहून निराळी आहे. उन्हाळ्यात जमिनीतील मीठ ओलाव्याबरोबर वर चढून पृष्ठभागावर पांढरे फुटते. ज्येष्ठातील पहिल्या पावसाने ते विरघळते. ते खारट पाणी ओहोटीस उघाडीवाटे सोडून द्यावयाचे, पुन्हा पावसाचे गोडे पाणी साठवावयाचे, पुन्हा सोडावयाचे, अशी जमीन धुऊन काढावी लागते. मगच बी टाकता येते. डोंगराकडील गोड्या जमिनीत राब भाजून, रोप तयार करून आवणी करितात. खारेपाटात मात्र पुष्कळ ठिकाणी भिजवून मोड आणलेले बी चिखलात फेकतात, त्यास रहू म्हणतात. येथे नांगरास फारसे काम नसे, आणि म्हणून खाऱ्या जमिनीच्या कुळास बैलजोडी कमी लागे. काळा रता व भुरा रता या खारे पाणी सोसणाऱ्या लाल भाताच्या जुन्या जाती. दिसावयास जाड, पण अंगमेहनत करणाऱ्यास पोटभर आधार देणाऱ्या. पुढे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा सुधारलेल्या जाती काढल्या. खारटपणा सोसून अधिक पिकावे हाच त्यांचा हेतू.

आता नक्षत्रांकडे वळू. मृग साधारण ७ जूनला, आर्द्रा २१ जूनच्या सुमारास, पुनर्वसू व पुष्य जुलैत, आश्लेषा व मघा ऑगस्टात आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस लागते. आपले वडीलधारे पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहून पावसाचा अदमास बांधीत. वाहनावर कोणाचा विश्वास असो वा नसो, नक्षत्रांची ही गणना शेतीच्या कामाचे वेळापत्रक होती, यात शंका नाही. मृगात बी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, पुष्य-आश्लेषात भरपूर पाणी, उत्तरा नक्षत्रात पोटरी व फुलोरा, हस्तात दाणा भरणे आणि चित्रा-स्वातीच्या उन्हात कापणी, असा तो क्रम. फुलोऱ्यात मुसळधार पाऊस व वारा आला, तर दाणा न भरता पळंज होते. हस्ताने पाठ फिरविली, तर दाणा बारीक राहतो.

हा क्रम अलीकडे फार अस्थिर झाला आहे. मुंबईस नैऋत्य मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून धरितात. परंतु २०२३ साली तो २५ जूनला पोहोचला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन ठेपला. दोन वर्षांच्या अंतराने एका महिन्याचा फरक! पाऊस उशिरा आला, तर जमीन धुण्याचे दिवस कमी पडतात. लवकर आला, तर बांधाची डागडुजी अर्धवट राहते आणि शेवटच्या मिठाची रास भिजते.

बांधाचा इतिहासही याच ठिकाणी सांगितला पाहिजे. जुन्या काळी या प्रांती शिलोत्री नावाची पद्धत होती. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिचा उल्लेख आहे. खाजण बांधून जमीन काढणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने त्यास भाताचा हिस्सा द्यावयाचा. बांध फुटला, की त्या हिश्शाचा हिशेब कोणी विचारावा? उधाणाच्या अमावास्येस किंवा पौर्णिमेस भरती मोठी असते. त्याच वेळी डोंगरातून पूर आला, की उघाडी मिटलेली, आतले पाणी तुंबलेले, आणि बाहेरून खाडीचा दाब. अशा रात्री खेकड्याने पोखरलेल्या एका भोकातून पाणी झिरपू लागते आणि पहाटेपर्यंत बांधास खांड पडते. खांड बुजविण्यास गावातील घरटी एक माणूस चिखलात उतरे. या सामुदायिक बांधबंदिस्तीस जोळ म्हणत. खाडीने एकदा आत पाय घातला, तर त्या वर्षीचे भात तर जातेच, पण मीठ धुऊन निघेपर्यंत पुढच्या हंगामांतही पीक कमी येते. म्हणून जोळीस न येणारा माणूस गावाच्या नजरेतून उतरे.

परंतु जोळीत उतरणारा माणूस बहुधा जमिनीचा धनी नसे. तो कूळ असे. बांध त्याने राखावयाचा आणि भाताचा मोठा वाटा खोताच्या अंगणात नेऊन घालावयाचा. उधाणाने पीक गेले, तरी खंडाची बाकी जात नसे. ती पुढील वर्षावर चढे आणि तिजवर व्याज चढे. अशा रीतीने आभाळाचा कोप एका वर्षाचा, पण त्याचे कर्ज अनेक वर्षांचे होई.

या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संपाची घोषणा केली. दिवस भातकापणीचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे! डोक्यावर पाऊस पडत असता, समोर चिखल तयार असता, हातात बी असता पेरावयाचे नाही, यास केवढा निग्रह लागला असेल, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. लोकांनी खाडीतील मासे व खेकडे धरून, लाकूडफाटा विकून दिवस काढले. १६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरीस येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडिले. १९३९ साली कूळ कायदा संमत झाला. पुढे १९४८ चा कूळ कायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्याचे नाव जमिनीस लागू लागले. त्याच १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा करून बांधांचे काम योजनाबद्ध रीतीने हाती घेतले. १९७९ साली महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. म्हणजे बांध व हक्क ही दोन्ही कामे एकाच पिढीच्या हातून मार्गास लागली.

जनावरांची गोष्ट भातापासून वेगळी नाही. खारेपाटात उन्हाळी गवत नाही व विहिरीचे पाणी मचूळ. गाई-म्हशींचा उन्हाळा भाताच्या पेंढ्यावर व गावतळ्याच्या पाण्यावर निघे. कापणीच्या वेळी पाऊस झाला, की पेंढा काळा पडून कुजतो आणि जनावर तोंड लावीत नाही. पहिल्या पावसात घटसर्प येतो, दलदलीत चरणाऱ्या गुरांस यकृतातील जंत होतात, आणि अशक्त जनावर या रोगांस लवकर बळी पडते. आश्विनात भिजलेला पेंढा पुढच्या ज्येष्ठात गोठा रिकामा करितो. २०१९ साली दिवाळीच्या सुमारास क्यार चक्रीवादळ अरबी समुद्रातून गेले व त्यामागोमाग महा आले. त्या पावसात कोकणात कापून ठेवलेल्या भातास शेतातच मोड आले. धान्याचे नुकसान सर्वांस दिसले. पेंढ्याचे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

पावसाळ्यामागून येणारी पिके थंडीवर जगतात. ओलाव्यावर पेरलेला वाल दंवावर पोसतो. थंडी चांगली पडली, की शेंगा भरतात आणि पोपटी लागते. आभाळ ढगाळ राहिले, की मावा व अळी. अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच्या जमिनीत होतो. कोरडी हवा हे त्याच्या माळेचे खरे भांडवल. बागायतीचे दुःख आणखी दीर्घ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्या झोपविल्या. भाताचे शेत पुढल्या मृगात पुन्हा उभे राहते. सुपारीचे झाड फळास येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात.

आता आजच्या स्थितीकडे पाहू. पेण व अलिबाग तालुक्यांत अनेक ठिकाणी बाहेरच्या बांधास पडलेल्या खांडी वर्षानुवर्षे बुजविल्या गेल्या नाहीत. घरातील तरुण कारखान्यात, बंदरात वा मुंबईस नोकरीस गेले; ते योग्यच झाले, कारण सर्वांचे पोट शेतीवर भरणे शक्य नव्हते. परंतु त्यामुळे जोळ मोडली आणि ‘बांध सरकारने पाहावा’ अशी भावना झाली. सरकारी काम मंजूर होईपर्यंत खाडी थांबत नाही. शेतात खारे पाणी राहिले, की तिवरे उगवतात. तिवरे किनाऱ्याचे रक्षण करितात व त्यांची तोड कायद्याने बंद आहे. ती खाडीकाठी असावीत हेच उचित. पण ती भातखाचरात वाढली, की ते खाचर शेतकऱ्याच्या हातून गेल्यासारखेच होते. ज्या जमिनीसाठी सहा पावसाळे उपास काढले, ती एका न बुजविलेल्या खांडीने जावी, याहून दुःखाची गोष्ट नाही.

यास्तव आमचे ज्ञातिबांधवांस तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, ज्या गावी बाहेरचा बांध आहे, तेथे वैशाखात सर्व खातेदारांनी एकत्र बांध फिरून पाहावा, लहान भोके स्वतः बुजवावीत व मोठ्या खांडीची लेखी तक्रार खारभूमी खात्याकडे सर्वांच्या सह्यांनी करावी. दुसरी, सातबाऱ्यावर वारसांची नावे वेळीच लावावीत आणि २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणीची नोंद दर हंगामात करावी. वादळ-पुराची भरपाई मागताना हीच नोंद पुढे ठेवावी लागते. मयत आजोबांच्या नावावर राहिलेली जमीन नातवाची अडचण करिते. कागदावर नाव यावे म्हणून चरीच्या लोकांनी काय सोसले, ते आठवून तरी हा आळस टाकावा. तिसरी, घरातील वृद्धांस कोणत्या वर्षी पाऊस केव्हा आला, बांध कोठे फुटला, भात किती खंडी झाले हे विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवावे. वेधशाळेचे आकडे जिल्ह्याचे असतात. आपल्या खाचराचा इतिहास फक्त आपल्याच घरी असतो.

आभाळ आपल्या हाती नाही, पूर्वीही नव्हते. बांध मात्र पूर्वजांच्या हाती होता आणि आजही आपल्या हाती आहे. यंदाच्या वैशाखात प्रत्येक गावाने एक दिवस त्यासाठी काढावा, एवढी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितो.