शहागंजचे पाणी आणि अंगणातील कंद

शहागंजातील घराघरांच्या फुलझाडांचा इतिहास सांगावयाचा, तर त्याचा आरंभ पाण्यापासूनच करावा लागतो. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या लहानशा गावाच्या जागी निजामशाहीची राजधानी वसविली, तेव्हा उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नहरींतून आणि मातीच्या नळांतून उताराच्या बळावर नगरात खेळविण्याची जी योजना त्याने सिद्धीस नेली, तिच्याच आधारावर पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाचे नाव धारण करून औरंगाबाद झालेले हे नगर बागांचे नगर झाले. नहरींच्या मार्गावर ठिकठिकाणी उभारलेले दगडविटांचे उंच बंब, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आणि दिल्ली दरवाजाजवळचा हिमायतबाग ही त्या जलव्यवस्थेची आजही दिसणारी साक्ष आहे.

शहागंजचा भव्य चौक या कथेत थोडा उशिरा येतो. दख्खनची सुभेदारी सय्यद बंधूंपैकी हुसेन अली खानाकडे असताना, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्याने येथे एका विस्तीर्ण हौदाचा पाया घातला. पुढे ऐवज खानाने मशीद व भोवतालच्या इमारती वाढविल्या. आपल्या ‘मुंतखब-उल-लुबाब’ या ग्रंथात या हौदाचे श्रेय मूळ कर्त्यास देताना खाफी खानाने उन्हाळ्यातील पाणीटंचाईत नगरवासीयांना त्यापासून लाभणाऱ्या दिलाशाचा आवर्जून उल्लेख केला आहे. हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून असे दिसते की नहरींचे वैभव ऐन भरात असतानाही या नगराला उन्हाळ्याचे भय होतेच. १७६३ मध्ये आसफजाही राजधानी हैदराबादेस गेली, दफ्तरे आणि अमीर-उमराव तिच्यामागोमाग गेले. नहरी गाळाने, झाडांच्या मुळ्यांनी आणि पुढील काळातील बांधकामांनी एकेक करून निकामी होत गेल्या. बारमाही पाण्यावर पोसलेली चमनबंदी अशा वेळी टिकत नाही. घरोघरच्या अंगणांत जे टिकले, त्यात उन्हाळाभर मातीखाली स्वतःचे पाणी साठवून निजणाऱ्या कंदांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. आणि ज्यांना आपण सरसकट लिली म्हणतो, ती बहुतेक फुले याच वर्गातील होत.

शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने पाहिले, तर यांतील जवळजवळ एकही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला थंडीची निद्रा हवी असते. दक्षिण भारतात ती निसर्गतः आढळते ती निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांवर. मराठवाड्याच्या वैशाखात तिचा कंद कुजतो किंवा सुकतो. फार्सी काव्यात जिच्यावरून डोळ्यांच्या उपमा दिल्या गेल्या, त्या नर्गिसचीही हीच अडचण: या उकाड्यात तो कंद पाने देतो, पण फूल द्यावयास कचरतो. उलट सुदर्शन पूर्णपणे या मातीचा आहे. तलवारीसारखी रुंद, लांब पाने, सायंकाळनंतर दरवळणारी पांढरी फुले आणि कान दुखू लागला की पान गरम करून त्याचा रस पिळण्याची आजीबाईंची रीत, यांमुळे त्याला विहिरीजवळचा किंवा मोरीच्या पाण्याचा कोपरा हमखास मिळत असे. त्याची मांसल, हिरवट बी तर फडताळात नुसती पडली असतानाही, मातीचा आणि पाण्याचा स्पर्श न होता, अंकुर धरते.

बाकीची मंडळी दूरदेशींची. निशिगंध, ज्याला मराठी घरांत गुलछडी आणि उर्दूभाषी घरांत गुलशब्बो म्हणतात, तो मूळचा मेक्सिकोचा. तो इतका आपला झाला की त्याच्या हारांवाचून आपली लग्ने उरकत नाहीत. त्याचा स्वभाव मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एकदा दांडा देऊन झालेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवती वाढलेली पिलेच पुढील फुले देतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी वाफा उकरून, पिले सावलीत सुकवून, त्यांतील जाड तेवढी उन्हाळ्याच्या अखेरीस नव्या जागी लावावी लागतात.

एकोणिसाव्या शतकात खाम नदीपलीकडे छावणी वसली, आणि पश्चिम भारतात कृषी व उद्यानविद्येची मंडळे व सरकारी बागा उभ्या राहिल्या. पुण्याचे मंडळ १८३० चे आणि गणेशखिंडची वनस्पतिबाग १८७३ ची. त्या बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेला ग्रंथ दीर्घकाळ बागवानांच्या हाती होता. दक्षिण अमेरिकेतील तांबड्या मोठ्या लिलीचा पहिला संकर १७९९ मध्ये इंग्लंडात आर्थर जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला होता. या कुळातील कंद, मेक्सिकोकडील गुलाबी पावसाळी लिली आणि आफ्रिकेतील फुटबॉल लिली ही सारी अशा बागांच्या देवघेवीच्या युगातच आपल्याकडे सर्वत्र पसरली. फुटबॉल लिलीच्या मूळ प्रदेशात मलिक अंबराची जन्मभूमी अबिसीनियाही येते, हा योग मनाला सुखावतो. पण त्यानेच ती येथे आणली, असे त्यावरून कोणी म्हणू नये.

कंदांच्या या प्रवासाची सनद कोणत्याच दफ्तरात नाही, कारण ते बाजारातून घरी येत नसत. गुलमंडीत फुले विकत मिळत, कंद मिळत ते शेजारणीकडून. पावसाळी लिलीचा झुबका दाट झाला की फुले कमी होतात, तेव्हा तो उपटून फोडायचा आणि मूठभर कंद पलीकडच्या वाड्यात द्यायचे, हा व्यवहार धर्म-जातीचा मोहल्ला पाहून चालत नसे. तांबड्या लिलीची पिले आईच्या रंगाचीच फुले देतात. तिच्या काळ्या, पातळ बियांपासून झालेली रोपे दोन-तीन वर्षे वाट पाहावयास लावतात आणि रंग बदलतात. लावताना कंदाची मान मातीबाहेर राहिली पाहिजे. घाई असेल, तर कंदाचे उभे काप करून प्रत्येक फाकेला बुडाच्या तबकडीचा तुकडा ठेवावा व ते ओलसर वाळूत पुरावे. तबकडी नसलेल्या फाकेला पिले धरत नाहीत. फुटबॉल लिलीची पाने हिवाळ्याच्या तोंडाशी पिवळी पडली की पाणी तोडावे आणि मृगाच्या आधी तिचा लालभडक गोळा वर येईपर्यंत कुंडीला हात लावू नये. दयेपोटी घातलेल्या पाण्याने जितके कंद कुजले आहेत, तितके दुष्काळाने मेलेले नाहीत.

अलीकडे फुलविक्रेत्यांकडे खऱ्या लिलीचे मोठे, डौलदार दांडे दिसतात. ते हरितगृहांतील असतात आणि त्यांचे कंद शीतगृहात थंडी भोगून आलेले असतात. कोणी असा कंद हौसेने कुंडीत लावला, तर पहिल्या हिवाळ्यात तो सुरेख फुलतो, पुढच्या वर्षी आखडतो आणि तिसऱ्या वर्षी बहुधा दिसत नाही. ज्या घरात कुंडीपुरतीच जागा आहे, तेथे ती जागा सुदर्शनाच्या पिलाला किंवा शेजारून मागून आणलेल्या मूठभर पावसाळी लिलीला द्यावी, असाच सल्ला मी देईन.