पायांतील गुठळी आणि छातींतील घाला

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असते, जखम भरत आलेली असते, घरची मंडळी रोग्यास घरीं नेण्याच्या तयारींत असतात. आणि अंथरुणावरून उठतां उठतां त्यास एकाएकीं धाप लागून घटकाभरांत सारें आटोपतें. अशा मृत्यूस आपण दैवाचा घाला म्हणतों. परंतु या घाल्याचा उगम बहुधा पोटरीच्या अथवा मांडीच्या शिरेंत असतो. हें ज्ञान मनुष्यास कसें झालें व त्यावर इलाज कोठून आला, याचा इतिहास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो.

फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत आढळणारी गुठळी तेथेंच उत्पन्न होते, असा पूर्वीं वैद्यांचा सर्वसाधारण समज होता. १८४६ सालीं बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत शवविच्छेदनें करणाऱ्या रुडोल्फ फिरखो या तरुण वैद्यानें तो खोडून काढला. पायाच्या शिरेंत साकळलेल्या रक्ताचा तुकडा सुटतो व प्रवाहाबरोबर हृदयांतून फुप्फुसांत जाऊन अडकतो, असें त्यानें प्रतिपादिलें. आणि कुत्र्यांच्या मानेच्या शिरेंत गुठळ्यांचे व रबराचे तुकडे सोडून तें सिद्धही केलें. दूरच्या दोन अवयवांचा संबंध त्यानें जोडला. परंतु रोग्याच्या पदरीं त्यामुळें अद्याप कांहींच पडलें नव्हतें.

औषधें आलीं तीं भलत्याच वाटेनें. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें प्रोफेसर हॉवेल यांच्या प्रयोगशाळेंत जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठविणारें द्रव्य शोधीत असतां त्यास यकृताच्या अर्कांत नेमकें उलट गुणाचें द्रव्य आढळलें. पुढें १९१८ सालीं तेथेंच मिळालेल्या अशा द्रव्यास हॉवेल यांनीं ग्रीक भाषेंतील यकृतवाचक शब्दावरून ‘हेपॅरिन’ हें नांव दिलें. टोरोंटो व स्टॉकहोम येथील संशोधकांनीं तें शुद्ध केल्यावर १९३५ नंतर तें रोग्यांस टोंचतां येऊं लागलें.

दुसरें औषध गोठ्यांतून आलें. उत्तर अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाच्या चाऱ्याची बुरसलेली वैरण खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. १९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड व न साकळणाऱ्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा घेऊन हिमवादळांतून मॅडिसन येथें कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारीं आला. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १९३९ सालीं लिंक यांच्या सहकाऱ्यांनीं वैरणींतील तें विष वेगळें काढलें. त्याचेंच भावंड ‘वॉर्फरिन’ १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं विकावयास आलें, आणि १९५४ सालीं अमेरिकेंत माणसांचें औषध म्हणून मान्य झालें.

या उपायांनीं खरोखर प्राण वांचतो काय? १९६० सालीं ब्रिस्टलच्या बॅरिट व जॉर्डन यांनीं याचा पडताळा प्रसिद्ध केला. औषध न मिळालेल्या १९ रोग्यांपैकीं ५ जण फुप्फुसांतील गुठळीनें दगावले. औषध मिळालेल्या १६ पैकीं त्या कारणानें एकही नाहीं. या आंकड्यांपुढें कोणापासूनही औषध रोखून ठेवणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. पुढें १९७५ सालीं लंडनचे शल्यवैद्य विजय कक्कर व त्यांचे सहकारी यांनीं प्रतिबंधाचा प्रश्न हातीं घेतला. शस्त्रक्रियेच्या ४,१२१ रोग्यांपैकीं ज्यांस आधींपासून अल्प मात्रेंत हेपॅरिन दिलें त्यांतील २, व ज्यांस दिलें नाहीं त्यांतील १६ जण या गुठळीनें मेले.

असें औषध मात्रा चुकल्यास रक्तस्राव घडवितें, हें त्या गुरांनीं आधींच दाखविलें आहे. म्हणून तें वैद्याच्या सल्ल्यावांचून घेण्याचें नव्हे. परंतु एक काम घरच्या मंडळींचेंही आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग्यास लवकर चालतें करावें असें वैद्य सांगतात, तेव्हां मायेपोटीं त्यास आडवें येऊं नये. आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखूं लागली, किंवा अकारण धाप लागली, तर थकवा समजून रात्र काढूं नये. पाय आणि छाती यांचा संबंध फिरखोनें जोडला, त्यास पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं. अंथरुणाशेजारीं बसलेल्या माणसास तो वेळेवर आठवला पाहिजे, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.